थडग्यांवरची कवटी, वीरगळावरचे चंद्र-सूर्य : ही चित्रं आली कुठून?

बकुळवन (फोंडा)

जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जाऊन आलेल्यांना सोनेरी वेदी आठवते, भिंतीवरची चित्रं आठवतात. जमीन सहसा कुणाला आठवत नाही. पण त्या चर्चची जमीन बहुतेक सगळी थडग्यांच्या दगडांनीच बांधलेली आहे. एखाद्या दगडावर शिरस्त्राण आणि ढाल असलेली घराण्याची मुद्रा, एखाद्यावर नुसत्या पोर्तुगीज ओळी, आणि काहींवर कवटी, तिच्याखाली एकमेकांवर आडवी टाकलेली दोन हाडं.

या कवट्यांबद्दल तिथे जे कानावर पडतं ते ऐकून राहवलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. कुणी सांगतं, हे समुद्री चाच्यांचे दगड. कुणी म्हणतं, फ्रीमेसन नावाच्या युरोपातल्या गुप्त संघटनेची खूण आहे. कुणी साथीत मेलेल्यांची खूण म्हणून पर्यटकांना घाबरवून सोडतं. या गोष्टी इतक्या ठामपणे सांगितल्या जातात की शाळेच्या सहलीला आलेली मुलं त्याच घरी घेऊन जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट या सगळ्यांहून मोठी आहे.

आधी तारखा बघू. कवटी आणि हाडं असलेला चाच्यांचा झेंडा १७०० च्या सुमारास दिसायला लागतो. फ्रीमेसनांची लंडनची पहिली ग्रँड लॉज १७१७ ची. चर्चमधले कितीतरी दगड त्याआधीचे, सोळाव्या-सतराव्या शतकातले आहेत. तेव्हा उसनवारी झाली असेल तर ती उलट्या बाजूने. मरणाची आठवण म्हणून जे चित्र अख्ख्या युरोपला पाठ होतं, तेच चाच्यांनी समोरच्या जहाजाला धडकी भरवायला उचललं. शिवाय चर्चच्या आत, वेदीजवळ जागा मिळायची ती सरदार, अधिकारी, देणगीदार यांना. चाच्याला तिथे कोण पुरणार?

मग कवटी आली कुठून? एकच उगम सांगता येत नाही. सर्वांत जुना धागा बायबलपर्यंत जातो. येशूला जिथे क्रूसावर दिलं त्या टेकडीचं नाव गोलगोथा, म्हणजे कवटीची जागा. आदमला तिथेच पुरलं होतं अशी ख्रिस्ती परंपरा फार जुनी आहे. म्हणून क्रूसाच्या चित्रांत आणि शिल्पांत पायथ्याशी कवटी असते. ती आदमची. वरून येशूचं रक्त तिच्यावर ओघळतं, आणि पहिल्या माणसामुळे जगात आलेलं मरण तिथेच धुतलं जातं. क्रूसाखालची कवटी भीती घालत नाही, सुटकेची हमी देते.

दुसरा धागा युरोपातल्या उत्तर मध्ययुगाचा. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये तीन जिवंत आणि तीन मृतांची गोष्ट लोकप्रिय झाली. शिकारीला निघालेल्या तीन तरुण सरदारांना वाटेत तीन प्रेतं भेटतात आणि सांगतात, तुम्ही आहात ते आम्ही होतो, आम्ही आहोत ते तुम्ही व्हाल. हेच वाक्य फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये चित्रकार मसाच्चोने १४२७ च्या आसपास रंगवलेल्या भित्तिचित्रात, एका सांगाड्याच्या वर लिहिलेलं आहे. पॅरिसच्या इनोसाँ दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये मरणाचं नृत्य रंगवलं गेलं. त्यात पोप, राजा, शेतकरी, तान्हं मूल, सगळ्यांचा हात धरून सांगाडे नाचतात. कवट्यांचं मूळ १३४७ ते १३५१ च्या महामारीत आहे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. महामारीने या चित्रांना जोर दिला हे खरं, पण तीन मृतांची गोष्ट तिच्या आधीची आहे.

तिसरा धागा थेट आपल्या दारात येतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५ ते १५६३) कॅथलिक चित्रकलेत हातात कवटी घेऊन ध्यान करणारा संत फ्रान्सिस जागोजागी दिसायला लागतो. त्याच काळात जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कन साधूंचा मठ भरात होता. आणि शहरही असं की मरण रोजचंच. १५४३ च्या पटकीच्या साथीचं वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. अशा गावातल्या लोकांना दगडावरची कवटी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी इतिहासाची पदवीधर वगैरे नाही, पण या दगडांवर माझा जीव आहे. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), सतीशिळा, समाध्या, कबरी, सिमितेरीतले (ख्रिस्ती दफनभूमीतले) क्रूस, कशावरच्याही खुणांबद्दल माहिती असेल तर लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं सांगून लिहा.

दर्यावर्दी_७

बकुळवनताई, धागा आवडला. चाच्यांची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलोय. एक शंका. गोव्यात वेताळाची परंपरा जुनी. चामुंडेच्या गळ्यात तर मुंडमाळच असते. मग दगड कोरणारा पाथरवट इथला असेल तर कवटी त्याने आपल्या देवांकडून घेतली असं का म्हणू नये?

बकुळवन

हात इथला असणं आणि आकृती इथली असणं या वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटतं. चामुंडेच्या गळ्यात मुंडक्यांची माळ असते, हातात कपालाचं पात्र असतं. खाली मांडीची दोन हाडं फुलीसारखी आडवी टाकलेली कवटी आपल्याकडच्या मूर्तींत येत नाही. नेमकी तीच मांडणी पोर्तुगालमध्ये, स्पेनमध्ये, इटलीत त्याच काळातल्या दगडांवर आहे. शिवाय अर्थ बघा. चामुंडेची कवटी देवीचा पराक्रम सांगते. थडग्यावरची कवटी वर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं पुढचं रूप दाखवते.

रानसाखळी (वाळपई)

वीरगळांबद्दल मी लिहितो, कारण सत्तरी तालुक्यात आमचं लहानपण त्यांच्या अंगाखांद्यावर गेलंय. कुणी त्यांना राखणदार म्हणून तेल घालतं, कुणी फूल ठेवतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते पिंपळाखाली अर्धे मातीत गाडलेले असतात. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात (ताईंनी सांगितलेल्या चर्चला लागूनच, त्याच जुन्या मठाच्या इमारतीत) चांगले वीरगळ आणि सतीशिळा मांडून ठेवल्या आहेत. ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्या वर तो कैलासात शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, बाजूला पूजा करणारा पुजारी. माथ्यावर कलश, आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य. सरधोपट नमुना हा. तीन चौकटी असतात, चारही असतात.

गोव्याच्या संग्रहातल्या काही दगडांवर खालच्या चौकटीत जहाजं आहेत, वल्हेकऱ्यांसकट. गोव्याच्या कदंब राजांची गोपकपट्टण ही राजधानी जुवारीच्या काठावर होती, त्यांचं सगळं बळ समुद्रावर. त्यामुळे इथला वीर गाईगुरांसाठी जसा पडतो तसा नावेवरही पडतो. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहार-यादवांच्या काळातले आरमारी लढाईचे वीरगळ आहेत, ते याच जातकुळीचे.

मूळ किती जुनं? तमिळनाडूत पुलिमानकोंबै इथे २००६ मध्ये तमिळ-ब्राह्मी अक्षरांचे वीरगळ सापडले. ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचे मानतात. त्यातल्या एकावर गुरांच्या झटापटीत पडलेल्या माणसाचा उल्लेख आहे. म्हणजे आधी नाव-गाव आणि कारण, अप्सरा-कैलास हा सगळा थाट पुढच्या शतकांत चढला.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतात ते चंद्र-सूर्य. हे फक्त वीरगळावर नसतात. जमिनीच्या दानपत्रांवर असतात, ताम्रपटांवर असतात, सीमेच्या दगडांवर असतात. अर्थ एकच, आकाशात हे दोघे आहेत तोवर हे टिकेल. माझं मत असं की ही खूण मुळात कराराची. राजाने जमीन दिली तेव्हा ती किती काळासाठी, हे सांगायला ती कोरली जायची. वीराच्या दगडावर ती आली तेव्हा तिथेही करारच होता. गावाने त्याच्या घरच्यांना जमीन दिली, त्याच्या नावाची पूजा लावून दिली, आणि ते मोडायचं नाही असं वर चंद्र-सूर्याच्या साक्षीने बजावलं. आपण त्याला आता नुसती सजावट समजतो.

सतीशिळेवरचा हात सगळ्यांना ठाऊक असतो. खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, तळवा वर. मनगटात बांगड्या पूर्ण असतात. नवरा गेला तरी सौभाग्य मोडलं नाही असं तो हात सांगतो. मला तो दगड बघवत नाही, पण झाकून ठेवावा असंही वाटत नाही. त्या बाईचं नाव बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. हात तेवढा राहिला.

खडूफळा (म्हापसा)

रानसाखळी यांचा कराराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो पोर्तुगीज दगडांनाही तंतोतंत लागू पडतो. तिथल्या मजकुराची ठरलेली सुरुवात म्हणजे 'सेपुल्तुरा दे' अमुक, आणि पुढे 'ई दे सेउस एर्देइरुस', म्हणजे अमुक याचे आणि त्याच्या वारसांचे थडगे. चर्चमधली जागा घराण्याच्या मालकीची असे. तोच दगड उचलून पुढच्या पिढीतल्या माणसाला त्याच खड्ड्यात ठेवीत. घराण्याची मुद्रा ही शोभा होतीच, पण त्याआधी ती मालकीची निशाणी होती. वाचता न येणाऱ्यालाही ही जागा कोणाची हे कळले पाहिजे, म्हणून ढाल आणि शिरस्त्राण.

आणखी एक गोष्ट. आधीची हाडे बाजूला सारून नवे दफन होत असल्यामुळे कवटी आणि मांडीची हाडे लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेली असत. आज आपल्याला ते चित्र कल्पनेतले वाटते. त्यांना ते ओळखीचे होते.

वसईचा_वाटसरू

आमच्या वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या जमिनीत असेच दगड आहेत. १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर ते चर्च ओस पडलं, छप्पर गेलं, आणि दगड उघड्यावर आले. पावसाने अक्षरं झिजली आहेत, तरी कुळाच्या मुद्रा ओळखू येतात. गोव्यातले दगड छपराखाली राहिले म्हणून वाचले, पण तिथे पाऊस नाही तर पाय. दोन्हीकडे झीज सुरूच आहे.

आदमाच्या कवटीबद्दल ताईंनी लिहिलं त्यात एक भर. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, आणि ते मराठीत, ओव्यांत आहे. आदमाचं पाप आणि त्यातून आलेलं मरण ही कथा त्यात विस्ताराने येते. त्यामुळे जुन्या गोव्यातल्या क्रूसाखालची कवटी बघणाऱ्या इथल्या नवख्रिस्ती माणसाला ती गोष्ट लॅटिनमधूनच कळत होती असं समजू नका. ती त्याच्या कानावर ओवीतून येत होती. आमच्या घरी आजी उपासकाळात यातलं काही गुणगुणायची, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं.

आणि इगर्जीत (चर्चमध्ये) दिसणारी 'आयएचएस' ही तीन अक्षरं. बरेच जण त्याचे भलतेच विस्तार सांगतात. येशूचं नाव ग्रीकमध्ये लिहिलं की त्याची पहिली तीन अक्षरं योटा, ईटा, सिग्मा. त्यांचंच ते लॅटिन रूप. पंधराव्या शतकात सिएनाच्या संत बर्नार्डिनोने ते सूर्यकिरणांच्या वर्तुळात दाखवून इटलीभर पोचवलं आणि पुढे जेझुइट या कॅथलिक साधूसंघाने तीन खिळ्यांसकट आपली मुद्रा केलं. वर्तुळ आणि किरणं बघून काही जण त्याला सूर्यदेव ठरवतात.

ताम्हन (पुणे)

सगळे प्रतिसाद वाचून काढले. मला एक विचारायचंय. दोना पावलाला राजभवनाच्या वाटेवर इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे असं ऐकलंय. पुण्यातल्या आणि कोलकात्याच्या इंग्रजी थडग्यांवर मी कलशासारखं भांडं पाहिलंय, कधी त्यावर कापड टाकल्यासारखं कोरलेलं. वीरगळाच्या माथ्यावरही कलश, आणि आपण अस्थीही कलशातच ठेवतो. साहेबाने तो इथे येऊन घेतला का?

बकुळवन

मलाही आधी हाच मोह होतो, पण नाही. दोना पावलाची दफनभूमी आहे, तिथलं सर्वांत जुनं थडगं १८०८ चं आणि शेवटचं १९१२ चं. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ पासून १८१३ पर्यंत इंग्रजी फौज गोव्यात होती, त्यातून ती जागा आली.

ते भांडं रोमन आहे. रोमन लोक दहन करून राख अशा भांड्यांत ठेवत. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं आणि युरोपभर रोमन वस्तूंचं वेड पसरलं. घरातल्या फुलदाण्या, दिवे, चुलाण्यावरचं नक्षीकाम, सगळं त्या वळणाचं झालं, आणि थडगीही. गंमत म्हणजे ज्यांच्या थडग्यावर हे राखेचं भांडं कोरलं ते सगळे पुरलेले लोक. त्यांच्या धर्मात तेव्हा दहन नव्हतंच. कॅथलिक चर्चने तर दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये. म्हणजे इथे चित्र अर्थ मागे ठेवून एकटंच प्रवास करत आलं.

आणि वीरगळावरचा कलश राखेचा नव्हेच. तो पूर्णघट, भरलेला, देवळाच्या शिखरावर असतो तो. रोमन भांड्यात माणसाचं उरलेलं असतं, आपल्या कलशात समृद्धी असते. दिसायला सारखे आहेत म्हणून एकाच घरातले मानू नयेत.

खडूफळा

त्याच लाटेत उलटी मशालही आली. जर्मन लेखक लेसिंग याने १७६९ मध्ये एक निबंध लिहिला. प्राचीन ग्रीक-रोमन लोक मृत्यूला सांगाड्याच्या रूपात दाखवत नसत, तर झोपेचा भाऊ असलेल्या, मशाल खाली टेकवून विझवणाऱ्या तरुणाच्या रूपात दाखवत, हा त्याचा दावा. रोमन कलेत सांगाडे अजिबात नव्हते असे मात्र कोणी समजू नये. पॉम्पेईतली एक फरशी नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर मधोमध कवटी, तिच्या वर सुताराचा ओळंबा, एका बाजूला राजाची वस्त्रे आणि दुसऱ्या बाजूला भिकाऱ्याची झोळी. मरण दोघांना एका पातळीत आणते हा त्याचा अर्थ. तरीही लेसिंगच्या काळातल्या सुशिक्षितांना कवटी ओबडधोबड वाटू लागली होती, आणि त्यांना विझलेली मशाल, तुटलेला खांब, भांड्यावर वाकलेला विलोचा वृक्ष हवे होते.

विलोची तर कथाच आहे. तो झाड म्हणून चीनकडून युरोपात आला. बायबलच्या १३७ व्या स्तोत्रात बाबिलोनच्या नद्यांकाठी रडणारे बंदिवान झाडांवर आपली तंतुवाद्ये टांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे तेच झाड समजून त्याच्या शास्त्रीय नावात बाबिलोन घातले. स्तोत्रातले झाड बहुधा पॉप्लरच्या जातीचे होते. तोवर विलो रडणारे झाड म्हणून हजारो दगडांवर जाऊन बसला होता.

अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या थडग्यांचा जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफ्सन यांनी १९६० च्या दशकात अभ्यास केला. आधी पंख असलेली कवटी, मग पंख असलेला बालदेवदूताचा चेहरा, मग भांडे आणि विलो, असा क्रम त्यांनी तारखांवरून दाखवला. कट्टर प्युरिटन (कडक प्रॉटेस्टंट पंथाचा) विचार सैल पडत गेला तसे चित्र बदलले, असा त्यांचा अर्थ. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला की यात फॅशनचा आणि दगड कोरणाऱ्या कारखान्यांच्या बाजाराचाही मोठा वाटा आहे. मला दोन्ही पटतात. पाथरवटाकडे जे नमुने असतात त्यांतूनच शोकाकुल घर निवडते, आणि नमुना बदलतो तो घरांची आवड बदलली म्हणून.

रानसाखळी

सर, हे वीरगळांनाही लागू होतं. एकाच खोऱ्यातल्या दगडांवर अप्सरांची ठेवण, लिंगाची बैठक अगदी सारखी दिसते. एक घडवणारं घर, त्याचा एक नमुना, आणि वीराप्रमाणे बदलते ती फक्त खालची चौकट. घोडा, नाव, गुरं, कधी वाघ.

नूरजहाज

मी मूळची बेळगावची, आता मडगावला. मुसलमानांच्या जुन्या कबरींबद्दल थोडं लिहिते. कबरीवर माणसाचं चित्र नसतं, पण खुणा असतात. विजापूरकडच्या आणि मुघल वळणाच्या जुन्या कबरींवर पुरुषाच्या कबरीला माथ्यावर लांबट उंचवटा असतो, त्याला कलमदान म्हणतात, आणि बाईच्या कबरीवर सपाट पाटी, तख्ती. लिहिणारा आणि लिहिण्याची पाटी, असा त्याचा अर्थ लावतात. मला बाई म्हणून तो अर्थ रुचत नाही, पण कबर बाईची की पुरुषाची हे त्यावरून लांबूनही कळतं.

दुसरी खूण कमानीत साखळीने टांगलेल्या दिव्याची. कुराणातल्या नूर सुऱ्यात अल्लाहच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आहे (२४:३५), तिथून ही आली. गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर तेराव्या-चौदाव्या शतकांत संगमरवरात असे दगड कोरून जहाजाने परदेशी पाठवत. जावातल्या ग्रेसिकला मलिक इब्राहिमची १४१९ ची कबर आहे, ती याच गुजराती वळणाची. म्हणजे थडग्याचा दगड हा तेव्हा समुद्रावरच्या व्यापाराचा माल होता, मिरी आणि कापडाबरोबर तोही हिंडत होता.

बकुळवन

नूरजहाजताई, तुम्ही फार मोलाची गोष्ट आणलीत. तिचा एक दुवा जुन्या गोव्यातच आहे. मोन्ते सांतोच्या टेकडीवर रोझारी मातेचं चर्च आहे. तिथे गव्हर्नर गार्सिया दे सा याची बायको दोना कातारीना हिचं स्मारक भिंतीत बसवलेलं आहे. तिचा मृत्यू सोळाव्या शतकाच्या मध्यातला. पांढऱ्या संगमरवरातलं ते जाळीदार, पानाफुलांचं काम गुजराती वळणाचं आहे हे कुणीही बघितलं की कळेल. बाई पोर्तुगीज, मजकूर पोर्तुगीज, प्रार्थना कॅथलिक, आणि दगडावरची वेल गुजरातची. त्या काळच्या गव्हर्नराच्या घरातल्या लोकांना त्यात काही विजोड वाटलं नाही. उत्तम दगडकाम म्हणजे गुजरातचं, एवढंच त्यांना माहीत असणार.

दर्यावर्दींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यात आहे. इथल्या हातांनी काम केलं की इथली वेल, इथलं कमळ, इथल्या नागिणी येतात. गोव्यातल्या काही चर्चच्या प्रवचनपीठांना खालून नागिणींनी उचलून धरलेलं दिसतं. संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी १६३७ ला गोव्याच्या सोनारांनी केली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा, १६९८ ला बसवलेला. एका माणसाच्या समाधीत दोन देशांचे कारागीर. म्हणून कुठलंही फूल दिसलं की हे हिंदू की ख्रिस्ती, असा वाद मला निष्फळ वाटतो. दगड कुणी कोरला, कुणासाठी कोरला आणि त्या दोघांच्या डोळ्यांसमोर कोणते नमुने होते, हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

दर्यावर्दी_७

पटलं. आता एक वेगळा प्रश्न. आमच्या वाड्याजवळच्या सिमितेरीच्या दरवाजावर 'आज म्हाका, फाल्यां तुका' असं लिहिलेलं आहे आणि वर कवटी. चर्चच्या आत कवट्या जमिनीवर, मग सिमितेरीत दरवाजावर का?

खडूफळा

कारण दफनाची जागाच बदलली. १८३५ मध्ये पोर्तुगालने चर्चच्या आत पुरण्यावर बंदी घालून सार्वजनिक दफनभूमी करण्याचा कायदा केला. आरोग्याचे कारण होते. पायाखालची लादी हे मरणाची आठवण देण्याचे ठिकाण होते, ते गेले. मग ती आठवण सगळे ज्या दरवाजातून आत येतात तिथे आली. वाक्य लॅटिन 'होदिए मिही, क्रास तिबी' याचे कोंकणी रूप आहे. त्याचे मूळ बायबलच्या प्रवक्ता ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, जिथे मेलेला माणूस म्हणतो की काल माझी पाळी, आज तुझी. दरवाजावर ते एक दिवस पुढे सरकले. मेलेला आज बोलतो आहे, तुमच्यासाठी उद्या ठेवला आहे.

पोर्तुगालमधल्या एव्होरा इथे हाडांनी मढवलेल्या कपेलीच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) दारावर याच स्वराचे वाक्य आहे, इथे असलेली आम्ही हाडे तुमच्या हाडांची वाट पाहतो. गोव्यात आजही जागा अपुरी असल्यामुळे बहुतेक कबरी काही वर्षांनी उघडून हाडे भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक खड्ड्यात ठेवतात. त्यामुळे ते वाक्य इथल्या माणसाला जुनेपुराणे वाटत नाही.

नूरजहाज

२ नोव्हेंबरला आमच्या शेजारच्या बाईंबरोबर मी त्यांच्या सिमितेरीत जाते. फुलं आणि मेणबत्त्या घेऊन अख्खं गाव त्या कवटीखालून आत जातं, मुलं हसत-खेळत असतात. कुणी घाबरत नाही. चाच्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा तो दिवस बघावा.

अलिबागकर

उशिरा आलो, पण धागा वाचून एक दगड आठवला म्हणून विचारतो. आमच्या गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधाला एक उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य आणि मधे कलश. मध्ये काही ओळी, झिजलेल्या. खाली एक गाढव आणि बाई. गावात सांगतात की कुणा पापी बाईचं थडगं आहे, त्यामुळे बायका तिथून जाताना तोंड फिरवतात. रानसाखळींनी वीरगळाची वाचायची रीत सांगितली, पण यात लढाई कुठेच नाही.

रानसाखळी

अलिबागकर, हे थडगंच नाही. गधेगळ आहे. शिलाहारांच्या काळातला दानाचा दगड. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दिली, मजकूर मध्ये लिहिला, वर चंद्र-सूर्य म्हणजे दान कायमचं. खालचं चित्र शाप आहे. हे दान जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. शिवी दगडात कोरलेली आहे, आणि ती दान मोडणाऱ्यासाठी आहे. त्या चित्रातली बाई कुणी खरी बाई नव्हे, तिने काही केलेलं नाही. तुमच्याच भागात अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, तोही अशाच दगडावर आहे. तो बघून या, लगेच उमजेल.

गावातल्या बायकांना हे जरूर सांगा. इतकी वर्षं एका न झालेल्या पापाला तोंड फिरवतायत.

बकुळवन

आणि त्या ओळींचा फोटो काढा, पण खडू घासू नका, तेल तर अजिबात लावू नका. दोन्हींनी झिजलेल्या अक्षरांचं कायमचं नुकसान होतं. संध्याकाळी उशिरा जा, मोबाइलची बॅटरी दगडाच्या अगदी बाजूला धरा म्हणजे प्रकाश तिरका पडेल आणि खोदलेल्या रेषांत सावली भरेल. बॅटरी आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून धरून तेच फोटो पुन्हा काढा. एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं. जुन्या गोव्यातल्या लाद्यांनाही हीच युक्ती चालते, फक्त तिथे आधी परवानगी विचारावी लागते.

अलिबागकर

रविवारी गावी जातोय. पुतण्याला बॅटरी धरायला नेतो आणि तिन्ही बाजूंचे फोटो इथेच टाकतो. मजकूर वाचता येणारं कुणी असेल तर तयार राहा.

खडूफळा

टाका. देवनागरीच्या जुन्या वळणाची थोडी सवय आहे, प्रयत्न करतो. वरच्या ओळीत शक वर्षाचा आकडा असण्याची शक्यता जास्त, तिथला फोटो जवळून घ्या.